लीडवर बोल्टिंग करताना ड्रिल सांभाळायचं कसं?

प्रश्न (नाशिक): दादा, आम्ही चार-पाच जण सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतले सुळके चढतो. आत्तापर्यंत हातोडी आणि हॅन्डड्रिलवर काम भागवलं, आता वर्गणी काढून बॅटरीवर चालणारं हॅमर ड्रिल घेतलंय. बोल्ट मारत खालून वर लीड करत, म्हणजे दोर घेऊन सगळ्यात पुढे चढत जाताना हे तीन किलोचं मशीन लटकवायचं कुठे? हार्नेसला अडकवलं की मांडीवर आपटतं, पाठीवर घेतलं की हात पोचत नाही.

उत्तर: शक्य असेल तिथे चढताना ते अंगावर घेऊच नका. लीडरच्या हार्नेसला मागे सहा-सात मिलिमीटरची हलकी दोरी बांधायची, मशीन खाली सेकंडजवळ, म्हणजे त्याचा दोर सांभाळणाऱ्या जोडीदाराजवळ राहू द्यायचं, लीडरने मोकळ्या अंगाने चढायचं आणि थांबायची जागा मिळाली, कातळाच्या खाचेत लटकण्यापुरता लोखंडी हूक लागला, हुकावर वजन नीट बसलं की मग मशीन वर ओढून घ्यायचं. बोल्ट झाला की परत खाली. वेळ जातो हे मान्य आहे, पण अवघड मूव्ह करताना कमरेला तीन किलो लोंबकळणं म्हणजे पडायची शक्यता आपणहून वाढवणं.

अडचण येते ती आपल्याकडच्या गवताळ टप्प्यांवर. कडा सरळ उभा नसेल तर मशीन प्रत्येक घळीत, कारवीत अडकतं आणि सेकंडला ते सोडवता येत नाही. अशा ठिकाणी अंगावरच न्यावं लागतं, मग मशीनची स्लिंग (शिवलेला पट्टा) तिरकी खांद्यावरून घ्या, मशीन काखेखाली मागच्या बाजूला येऊ द्या, बिटचं टोक जमिनीकडे, आणि बिटवर पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवा, नाहीतर पडलात तर ते टोक तुमच्याच पायात जाईल. पुढे-मागे फिरवायचं बटण मधोमध ठेवलं की बहुतेक मशीनचा ट्रिगर लॉक होतो, ते करायची सवय लावून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मशीन एका क्षणालाही मोकळं राहता कामा नये. वर ओढून घेतलं की आधी त्याची स्वतःची स्लिंग हार्नेसला क्लिप करायची आणि त्यानंतरच ओढायची दोरी सोडायची, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. स्लिंग एवढी लांब हवी की हात वर पूर्ण ताणला तरी ओढ बसणार नाही. ती मशीनच्या मुख्य हॅन्डलला बांधा, बाजूच्या फिरकीच्या हॅन्डलला नको कारण ते थरथरून सैल होतं. बॅटरीवरूनही एक पट्टा घट्ट गुंडाळा, नाहीतर मशीन हातात आणि बॅटरी खाली असं व्हायचं. २० मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीवर येईपर्यंत ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेग घेते, खालून दोर सांभाळणाऱ्याच्या, म्हणजे बिले देणाऱ्याच्या हेल्मेटचा तिथे फारसा उपयोग नाही, म्हणून त्याला सरळ खाली उभं न करता बाजूला उभं करा.

हूक लावण्याआधी आणि भोक पाडण्याआधी, दोन्ही वेळा, कातळ हातोडीने वाजवून बघा. बसाल्ट खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तो पापुद्रा आहे, जागा बदला. लालसर मातकट थरात किंवा पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या भुसभुशीत दगडात तर बोल्ट मारूच नका, पंधरा-वीस फूट आणखी चढावं लागलं तरी चालेल पण तिथे नको. कडेपासून आणि भेगेपासून निदान एक वीत अंतर ठेवा. हुकावर हळूहळू वजन टाका आणि तोंड हुकासमोर ठेवू नका, तो सुटला तर थेट चेहऱ्यावर येतो.

हात पुरेल तितक्या उंच भोक पाडायचा मोह सगळ्यांनाच होतो, एक बोल्ट वाचेल म्हणून. पण डोक्यावर हात ताणून एका हाताने ड्रिल केलं की जोर लागत नाही, भोक लंबगोल होतं, धूळ डोळ्यात जाते आणि बिट अडकला तर मनगट पिरगळतं. चेहऱ्याच्या पातळीला, दोन्ही हातांनी, कातळाला काटकोनात धरा. बिट अडकला की फिरणं सोडून देणारा क्लच असलेलंच मशीन वापरा, गॉगल आणि मास्क लावा. दोर मशीनच्या विरुद्ध बाजूला ठेवा, फिरता बिट दोराला किंवा स्लिंगला लागला की संपलं. आणि पाय सुटला तर मशीन हातातून सोडून द्या, वाचवायला जाऊ नका, स्लिंग त्यासाठीच आहे.

१० मिलिमीटरच्या बोल्टला १० चाच बिट, खोली बोल्ट आत जाईल त्याहून थोडी जास्त, बिटवर टेपची खूण करून ठेवा. धूळ फुंकायची, ब्रश फिरवायचा, परत फुंकायची. नट आवळताना बोल्ट बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या टॉर्कइतकाच (पिळाच्या जोराइतकाच) आवळा. हँगरमध्ये (बोल्टवरच्या भोकाच्या पट्टीत) क्विकड्रॉ, म्हणजे दोन कॅराबिनरांचा छोटा पट्टा, आणि त्यात दोर गेल्याशिवाय हुकावरून वजन हलवायचं नाही.

एका बॅटरीत किती भोकं होतात ते घरच्या काँक्रीटवर नाही, पायथ्याच्या पडलेल्या धोंड्यावर तपासा. हॅन्डड्रिल सॅकमध्ये असू द्या.

प्रश्न (पुणे): ग्रुपमधले सीनियर म्हणतात पॉवर ड्रिल म्हणजे चीटिंग. खरंच का?

उत्तर: हा वाद जुना आहे. १९७० साली चेझारे माएस्त्री या इटालियन गिर्यारोहकाने दक्षिण अमेरिकेच्या पॅटागोनियातल्या सेरो तोरे शिखरावर पेट्रोलचा कॉम्प्रेसर नेऊन शेकडो बोल्ट मारले, त्यावर चिडलेले क्लाइंबर अजून आहेत, २०१२ मध्ये दोघा तरुणांनी त्यातले बरेच बोल्ट काढूनही टाकले. अमेरिकेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मोटरवरचं ड्रिल चालत नाही, हातानेच भोक पाडावं लागतं. माझं मत असं की नीट बसलेला बोल्ट मशीनने मारलाय की हाताने, हे पुढच्या माणसाला महत्त्वाचं नाही. सीनियरांची खरी भीती वेगळी आहे आणि ती मला पटते. हाताने एक भोक पाडायला घाम गाळावा लागायचा म्हणून माणूस आधी विचार करायचा, आता मिनिटभरात होतं म्हणून जिथे भेगेत ठोकायचा पेग किंवा अडकवायचा चोक नीट बसतो तिथेही बोल्ट मारले जातात. ते करू नका. जुन्या रूटवर ज्यांनी तो पहिल्यांदा चढला त्यांना विचारल्याशिवाय एकही नवा बोल्ट नको. संरक्षित किल्ल्याच्या कातळाला तर परवानगीशिवाय हात लावू नका, १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने तो गुन्हा आहे.

प्रश्न (ठाणे): मशीनच्या आवाजाने मधमाश्या उठतात का?

उत्तर: उठू शकतात, आवाजाने आणि त्याहून जास्त कातळातल्या थरथरीने. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी मशीन बाहेर काढायचं नाही, हुकावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. आदल्या दिवशी दुर्बिणीने पूर्ण भिंत बघून घ्या, ओव्हरहँगच्या (पुढे आलेल्या कातळाच्या) खालची बाजू विशेष करून, आणि हिवाळ्यात गिधाडांची घरटी दिसली तरीही तो कडा सोडा.