80 टक्के ठिबक अनुदान: पैसे कधी, किती आणि कुठल्या खात्यात?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

सध्या सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा: "साहेब, ठिबकला 80 टक्के अनुदान म्हणाले होते. खात्यात 55 टक्केच आले. बाकीचे गेले कुठे?"

कुठेही गेलेले नाहीत. ही रक्कम दोन योजनांतून येते. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे 2 हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना 55 टक्के मिळतात, इतरांना 45. त्यावर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य सरकार 25 किंवा 30 टक्के पूरक अनुदान देतं. असे मिळून 80 किंवा 75 होतात. निधी वेगळे असल्यामुळे पैसेही बऱ्याचदा दोन वेळा येतात.

दुसरी गोष्ट, ही टक्केवारी तुमच्या बिलावर नसते. ती शासनाने ठरवलेल्या खर्च मापदंडावर असते आणि तो मापदंड दोन लॅटरलमधल्या (ठिबकच्या नळ्यांमधल्या) अंतरानुसार बदलतो. समजा तुमच्या क्षेत्राला मापदंड 50,000 रुपये बसतो आणि बिल झालं 60,000. मग 80 टक्क्यांनी अनुदान 40,000 : आधी 27,500, नंतर 12,500. मापदंडाच्या वरचे 10,000 पूर्ण तुमच्या खिशातून, शिवाय मापदंडातले उरलेले 10,000 सुद्धा. म्हणून कोटेशन घेताना विक्रेत्याला सरळ विचारा, "मापदंडाच्या वर किती जातंय?"

आता ज्या चुकीमुळे हातचं अनुदान जातं ती. महाडीबीटी या शासनाच्या अर्जाच्या पोर्टलवर निवड झाली की मोबाईलवर मेसेज येतो. हंगाम तोंडावर असतो, उसाची लागण थांबत नाही, म्हणून लोक त्याच आठवड्यात संच बसवून मोकळे होतात. पण निवड म्हणजे पूर्वसंमती नाही. निवडीनंतर कागदपत्रं अपलोड करायची, तालुका कृषी कार्यालयाची पूर्वसंमती घ्यायची आणि मगच खरेदी करायची. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली तर प्रस्ताव अडतो, मग शेतात संच कितीही चांगला चालत असो. ट्रॅक्टर आणि अवजारांनाही हाच क्रम लागू आहे.

एका ताईंनी विचारलंय, सातबारा दिरांसोबत सामाईक आहे, अर्ज करता येईल का? येईल. इतर खातेदारांचं संमतीपत्र जोडा. मात्र फार्मर आयडी (शेतकऱ्याचा ओळख क्रमांक) आधी काढून घ्या, 2025 पासून त्याशिवाय कृषी योजनांचा लाभ मिळत नाही.

नियम सोपे व्हायला हवेत, हे तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. काही पावलं पडली आहेत. 2025-26 पासून सोडत जाऊन 'प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य' आलं, त्यामुळे नशिबावर बसून राहणं संपलं. पण अजून बरंच बाकी आहे. दोन्ही हिस्से एकदमच खात्यात यायला हवेत. उधारीवर संच घेतलेल्या माणसाला दुसऱ्या हिश्शाची वाट पाहताना व्याज भरावं लागतं, आणि ते व्याज कुठल्याच मापदंडात धरलेलं नाही. पूर्वसंमती किती दिवसांत मिळणार, हे निवडीच्या मेसेजमध्येच लिहिलेलं असावं. तशी तारीख हातात असती तर घाईने खरेदी करणाऱ्यांपैकी बरेच जण थांबले असते. आणि अर्जात त्रुटी निघाली तर कोणता कागद, त्यात नेमकं काय कमी, हे साध्या मराठीत कळावं. नुसतं 'त्रुटी' वाचून शेतकऱ्याने तालुक्याला का खेटे घालायचे?

शेवटचा प्रश्न बँकेचा. "आधार लिंक आहे, तरी पैसे नाहीत." केवायसीसाठी आधार दिलेलं असणं वेगळं आणि थेट लाभासाठी (डीबीटीसाठी) खातं आधारला जोडलेलं असणं वेगळं. दोन-तीन बँकांत खाती असतील तर रक्कम सगळ्यात शेवटी आधारला जोडलेल्या खात्यात जाते. बऱ्याचदा ते जुनं, बंद पडलेलं खातं निघतं. बँकेत जाऊन "माझं डीबीटी कुठल्या खात्याला जोडलंय?" एवढंच विचारा आणि ते खातं चालू करून घ्या. पासबुकाची झेरॉक्स त्यानंतर आणा.