तळघराबद्दल कूपर बरोबर होता

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझी संहिता काल रात्री एका बैठकीत वाचली. वाड्यातला पाऊस, न्हाणीघरातून येणारा बंबाच्या धुराचा वास, सगळं अंगावर आलं. मग पान ४१ वर भूत बोलायला लागलं आणि माझी भीती पळाली. अन्यायावर दीड पान भाषण! इतकं मुद्देसूद बोलणाऱ्या भुताला कोण घाबरणार?

जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पुन्हा बघ. १९६८चा, कृष्णधवल, पिट्सबर्गच्या मंडळींनी सव्वा लाख डॉलरच्या आत उरकलेला. (रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलंय, तेव्हा बजेटचं रडगाणं मला सांगू नकोस.) चालत्या मुडद्यांच्या भीतीने काही माणसं एका घरात अडकतात. नायक बेन कृष्णवर्णीय, अडकलेले बाकीचे सगळे गोरे, पण त्याच्या रंगाबद्दल अख्ख्या सिनेमात अवाक्षर नाही. रोमेरोचं म्हणणं एवढंच, की बेनच्या भूमिकेसाठी ड्वेन जोन्सची ऑडिशन सगळ्यांत चांगली झाली.

मी मात्र दर वेळी अडकतो तो तळघराच्या भांडणात. बाहेर मुडदे जमलेत. अडकलेल्यांपैकी हॅरी कूपर म्हणतो, खाली जाऊन दार लावून घेऊ. बेन म्हणतो, तळघर म्हणजे सापळा. वरच राहू, खिडक्यांना फळ्या ठोकू. कूपर चिडका, भित्रा, हेकट. आपण अर्थातच बेनच्या बाजूचे. आणि होतं काय? मुडदे घरात घुसतात आणि बेन त्याच तळघरात रात्र काढून वाचतो. नुसता प्रचारच करायचा असता, तर आपल्या लाडक्या माणसाला असं तोंडावर पाडलं असतं का कुणी?

सकाळी मुडदे टिपत फिरणारे बंदुकवाले येतात. बेन खिडकीशी येतो, त्यांना तोही मुडदाच वाटतो. एक गोळी. पुढे नुसते दाणेदार फोटो: खाटकाचे आकडे, प्रेत, जाळ. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. ऑक्टोबरात थिएटरात बसलेल्यांना वेगळं काय समजावायचं?

म्हणून कुणाच्या डोक्यात काही नव्हतंच, असंही समजू नकोस. बेन एका गोऱ्या मुलीवर हात उगारतो, त्याचा लोक काय अर्थ काढतील याची जोन्सला चांगलीच काळजी होती. पण ती काळजी संवादात उतरली नाही.

तुझ्या संहितेत सगळ्यांत नावडता माणूस म्हणजे तो दिवाणजी. विहिरीकडे जाऊ नका, हे त्यालाच म्हणू दे. आणि ते खरं ठरू दे. पान ४१ काढून रविवारपर्यंत पाठव. बंबाच्या धुराला हात लावू नकोस.

तुझा,
सर