सोनचाफा : एक खोड ठेवावे की अनेक?

सोनचाफ्याच्या छाटणीविषयी येणाऱ्या बहुतेक पत्रांत किती खोडे ठेवावीत याचाच घोळ असतो, म्हणून त्यांतील काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : कुंडीतल्या कलमाला किती खोडे ठेवावीत?
उत्तर : एकच ठेवावे आणि दोन-अडीच फुटांवर त्याचा शेंडा खुडावा.

प्रश्न : छाटलेली फांदी मातीत खोचली तर जगेल ना? देवचाफ्याची जगते.
उत्तर : तशी आशा धरू नये. देवचाफा चिकाच्या झाडांच्या कुळातला आहे आणि सोनचाफा मॅग्नोलियाच्या, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही.

प्रश्न : ‘दोन खोडांचे, दुप्पट फुलांचे’ असे सांगून रोपवाटिकेने जास्त किमतीला कलम दिले. एका खोडाला भरपूर फुले येतात. दुसरे त्याहून उंच गेले, पण त्याला दोन वर्षांत एकही कळी नाही.
उत्तर : कलमाच्या जोडाजवळची माती बाजूला करून पाहावे. दुसरे खोड जोडाच्या खालून निघालेले असेल, तर ते कलमाचे खोड नसून खुंटाला, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधले त्याला, आलेली फूट आहे. खुंट बहुधा बियांपासून वाढवलेला असतो आणि तशा झाडाला फूल यायला सात-आठ वर्षेही लागू शकतात. दरम्यान ही जोमदार फूट मुळांनी ओढलेले अन्नपाणी स्वतःकडे वळवते आणि फुलणारे कलम हळूहळू खंगत जाते. दोष विक्रेत्याचा आहेच, कारण पेन्सिलीएवढी असताना जी फूट रोपवाटिकेतच काढून टाकायची, तिलाच दुसरे खोड म्हणून त्याने विकले. परंतु आपणही दोन वर्षे थांबलात. मॅग्नोलियाच्या कुळातील झाडांच्या मोठ्या जखमा सावकाश भरतात आणि त्यांतून कूज आत शिरते, म्हणून जे काढायचे ते कोवळे असतानाच काढले पाहिजे. आता पावसाची उघडीप पाहून, धारदार व स्वच्छ सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) फूट उगमापाशी कापावी, थोटूक ठेवू नये आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा लेप) लावावी. फूट अंगठ्याहून जाड झाली असेल, तर कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाला आधी जागेवर दाखवावी.

प्रश्न : वसईत विक्रीच्या फुलांसाठी लागवड केली आहे. शेजारी म्हणतात, जमिनीपासूनच चार खोडे येऊ द्यावीत.
उत्तर : शेजाऱ्यांचे ऐकू नये. दीड-दोन फुटांपर्यंत एक खोड स्वच्छ ठेवून, त्यावर चहूबाजूंना पसरणाऱ्या तीन-चार फांद्या निवडाव्यात. दोन फांद्या अरुंद कोनात चिकटून वाढत असतील, तर त्यांतली एक लवकर काढावी, कारण अशा बेचक्यात दोन्हींची साल अडकून राहते आणि पुढे वादळात तेथेच झाड फाटते. फुले पानांच्या बगलेत येतात व हातानेच तोडावी लागतात, म्हणून उंची हाताच्या टप्प्यात राखावी. लागवडीचे अंतर आणि छाटणीचा नेमका महिना जमिनीप्रमाणे बदलतो. त्यासाठी तालुका कृषी कार्यालयात विचारावे.

प्रश्न : सोसायटीतल्या मोठ्या सोनचाफ्याची दोन खोडे आहेत. माळी एक कापायला तयार आहे.
उत्तर : माळ्याला थांबवावे. इतक्या वर्षांनी जाड खोड काढल्यास जखम भरून येण्याची शक्यता कमी असते, आणि शहरी भागात 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगीही घ्यावी लागते. बेचके फाटू लागले असेल, तर उद्यान विभागाला आजच कळवावे.