ट्रान्सक्रेनियल डॉप्लरमध्ये रक्ताचा वेग वाढलेला दिसला, म्हणजे मेंदूची धमनी अरुंद झाली असे समजावे का?

नाही, केवळ वेगावरून तसे समजू नये. ट्रान्सक्रेनियल डॉप्लर म्हणजे कवटीबाहेरून ध्वनिलहरी सोडून मेंदूतील धमन्यांमधल्या रक्ताचा वेग मोजणारी तपासणी. अहवालात मिडल सेरेब्रल धमनीचा, म्हणजे मेंदूला रक्त पुरवणाऱ्या एका मुख्य धमनीचा, सरासरी वेग सेकंदाला 140 सेंटीमीटर असेल तर ती आकुंचन पावली असे धरावे का, असे आपण विचारले आहे. नेमक्या याच मुद्द्यावर माझा एका वरिष्ठांशी वाद झाला होता आणि तो मी अजून विसरलेले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी तेव्हा अतिदक्षता विभागात डॉप्लर तंत्रज्ञ होते. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्या एका बाईंचा तो सातवा दिवस होता. अशा रुग्णांत धमन्या आकुंचन पावण्याचा धोका साधारण तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत असतो आणि पहिल्या आठवड्याच्या अखेरीस तो सर्वाधिक असतो, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष त्या एका आकड्याकडे लागले होते. कानशिलाच्या पातळ हाडातून 55 मिलिमीटर खोलीवर ध्वनिलहरी सोडणाऱ्या प्रोबकडे येणारा प्रवाह मिळाला आणि त्याचा वेग 145 निघाला. आणखी आत, 65 मिलिमीटरच्या सुमारास, येणारा आणि जाणारा असे दोन्ही प्रवाह एकाच वेळी उमटले. मानेतून मेंदूकडे जाणारी इंटर्नल कॅरॉटिड धमनी दुभंगते ती जागा हीच, तेव्हा धमनी ओळखण्यात माझी चूक नव्हती. वरिष्ठ म्हणाले, "120 च्या वर आहे, आकुंचन लिहा." मानेतील कॅरॉटिडचा वेगही मोजू द्यावा अशी मी विनंती केली, तेव्हा आकडा लिहिणे एवढेच तुमचे काम, अर्थ आम्ही लावू, असे मला सांगण्यात आले.

त्या बाईंचे हिमोग्लोबिन बरेच उतरले होते आणि अंगात ताप होता. रक्तातील प्राणवायू वाहण्याची क्षमता घटली की मेंदूकडे जाणारा प्रवाह वाढतो आणि धमनीची रुंदी तीच राहूनही वेग चढतो. 1982 साली रुने आस्लिड यांनी मांडलेली ही डॉप्लर पद्धत धमनीचा व्यास दाखवतच नाही, ती फक्त वेग सांगते. आणि वेग वाहिनी अरुंद झाल्याने वाढतो तसाच प्रवाह वाढल्यानेही वाढतो. दुसऱ्या दिवशी कामावरच्या डॉक्टरांनी होकार दिल्यावर मी तोच 2 मेगाहर्ट्झचा प्रोब जबड्याच्या कोनाखाली ठेवून मोजले. मानेत वेग 62 होता आणि डोक्यात अजून 145 च, म्हणजे लिंडेगार्ड गुणोत्तर (डोक्यातला वेग भागिले मानेतला वेग) जेमतेम 2.3. ते 3 च्या खाली असेल तर वाढलेल्या प्रवाहाचा विचार करतात, 3 च्या वर आकुंचनाचा आणि 6 च्या वर तीव्र आकुंचनाचा. सीटी अँजिओग्राफीत धमन्या नेहमीच्या रुंदीच्या निघाल्या. तोवर आकुंचन समजून दिलेले रक्तदाब चढवणारे औषध मात्र रात्रभर चालू राहिले होते.

मानेतला वेग न मोजता "आकुंचन" लिहिलेला अहवाल मी अपुराच मानते. धमन्यांची रचनाही फसवू शकते. थॉमस विलिस यांनी 1664 साली वर्णिलेले मेंदूच्या तळाशी असलेले धमन्यांचे वर्तुळ असंख्य निरोगी माणसांत पुस्तकातल्यासारखे पूर्ण नसते. एका बाजूच्या अँटिरियर सेरेब्रल धमनीचा सुरुवातीचा भाग जन्मतः बारीक असेल, तर दुसऱ्या बाजूची धमनी दोन्हीकडे रक्त पुरवते आणि तिचा वेग वाढलेला दिसतो. तिथे आजार काहीच नसतो.

काही मर्यादा सांगणे आवश्यक आहे. हे गुणोत्तर मुख्यतः मिडल सेरेब्रल धमनीसाठी आहे आणि मानेतील कॅरॉटिडच अरुंद असेल तर त्यावर विसंबता येत नाही. ध्वनिलहरी आणि प्रवाह यांत 30 अंशांचा कोन असेल तर यंत्र खऱ्या वेगापेक्षा सुमारे 13 टक्के कमी दाखवते. रक्तस्राव झालेला नसताना एकाच बाजूला, थोड्याच लांबीत वेग वाढला असेल तर चरबीच्या थरामुळे धमनी खरोखरच अरुंद झालेली असू शकते, म्हणून 140 हा आकडा दुर्लक्षितही करू नये. आपल्या अहवालाचा निर्णय रुग्णाला तपासणारे डॉक्टरच देऊ शकतील. मानेतील वेग आणि त्या दिवसाचे हिमोग्लोबिन किती होते, एवढे त्यांना अवश्य विचारावे.

माझ्या मते रक्तस्रावाच्या रुग्णांसाठी अहवालाच्या छापील नमुन्यातच मानेतील वेगाचा रकाना असला पाहिजे. मग तो मोजण्यासाठी तंत्रज्ञाला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.