अभ्यासासारखं दिसणारं

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. राज्यसेवेच्या अभ्यासासाठी सकाळी आठला अभ्यासिकेत जाऊन बसतेस, रात्री दहाला उठतेस आणि झोपताना दिवसभरात काय वाचलं ते आठवत नाही, असं लिहिलं आहेस. स्मार्टफोन विकून साधा फोन घेऊ का, असंही विचारलं आहेस. घ्यायचा तर घे. पण तुझा दिवस रील पाहण्यात जात नाही, हे तुझ्याच पत्रावरून दिसतं. तो जातो अभ्यासासारख्या दिसणाऱ्या गोष्टींत.

टेलिग्रामचे ग्रुप. उतरवून घेतलेल्या आणि कधीच न उघडलेल्या चालू घडामोडींच्या पीडीएफ. कटऑफ किती लागेल याची चर्चा, उत्तरतालिकेतल्या एका प्रश्नावरून तासभर वाद, जाहिरात कधी येणार, जागा वाढणार का. आणि निवड झालेल्यांच्या मुलाखती, ज्यात प्रत्येक जण वेगळी पुस्तकं सांगतो आणि आपलं पुस्तक चुकलं की काय, अशी धाकधूक लावून जातो. रील पाहिली की निदान वेळ वाया गेल्याची टोचणी लागते. इथे ती लागत नाही, उलट अभ्यास झाल्यासारखा वाटतो. म्हणून मला रीलपेक्षा याचीच भीती जास्त वाटते. पुण्यात सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत यात वर्षं घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यातलं कुणी आळशी नव्हतं.

'दोनच मिनिटं ग्रुप पाहिला' असं तू म्हणतेस. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिलं आहे की काम अर्धवट सोडून दुसरीकडे वळलं, तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. म्हणजे पुस्तकाकडे परत आलीस तरी डोक्यात कटऑफ चालूच असतो. डोळे ओळींवरून फिरतात, पान उलटतं, आणि रात्री आठवत काही नाही.

त्यात आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. चार पर्यायांतून उत्तर ओळखायला अर्धवट लक्षही कधीकधी पुरायचं. तीन तास हाताने, स्वतःच्या वाक्यांत लिहायला ते पुरत नाही. म्हणून मी तुला फोनचा नियम सांगण्याऐवजी बसण्याची पद्धत बदलायला सांगेन.

उद्या पंचायत राज घे. ७३वी घटनादुरुस्ती पाऊण तास वाच, मग पुस्तक मिटव आणि कोऱ्या कागदावर एकच प्रश्न लिही: महाराष्ट्रातल्या पंचायत राज संस्थांना आर्थिक स्वायत्तता कितपत मिळाली आहे? अकराव्या अनुसूचीतले २९ विषय हे तुला पाठ असेल. पण त्यातले खरोखर सोपवले किती, पैसा कुठून येतो, कलम २४३-आय मधला राज्य वित्त आयोग काय करतो, इथे पेन थांबेल. थांबू दे. उठू नकोस, फोनकडे हात नेऊ नकोस, पुस्तकही उघडू नकोस. जेवढं येतं तेवढं लिही, मगच पुस्तक उघडून गाळलेल्या जागा भर. हातात ठरलेला प्रश्न असला की मन भरकटायला फारशी वाट उरत नाही. 'आज पॉलिटी (राज्यघटना आणि शासनव्यवस्था) करायची' एवढंच ठरवून बसलं की ते भरकटणारच. सुरुवातीला दिवसातून असे दोनच प्रश्न झाले तरी पुष्कळ. चौदा तास बसण्याची गरजच नाही, हेही तुला त्यातून कळेल.

चहाला जरूर जा. मैत्रिणींशी बोल, पाय मोकळे कर. फक्त चहाच्या वेळी फोन काढू नकोस, नाहीतर ती विश्रांती राहत नाही.

पत्राच्या शेवटी तू घाईत दोन ओळी लिहिल्या आहेस: बाबांनी मेसचे पैसे उसने घेऊन पाठवले, आणि आत्या स्थळाचं बोलतेय. मला वाटतं, तुझं लक्ष सगळ्यात जास्त इथे जातं, आणि हे कुठलंही ॲप काढून टाकून जाणार नाही. आईबाबांशी बोलायला रात्रीची एक वेळ ठरव आणि आणखी किती परीक्षा द्यायच्या, हे त्यांच्याशी एकदा स्पष्ट बोलून घे. दिवसा तो विचार आला तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, 'रात्री बोलायचं' म्हणून. अर्धवट राहिलेल्या गोष्टीचं नेमकं काय करायचं हे ठरलं, की ती मधेमधे कमी त्रास देते. मॅसिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांतही हेच दिसलं होतं.

ग्रुप मात्र सोड. परीक्षेची जाहिरात लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर येतेच. आठवड्यातून एकदा पाहिलंस तरी चालेल.

पंचायत राजचं उत्तर लिहून झालं की ते कागद मला टपालाने पाठव, खाडाखोड असली तरी तसेच. मी तपासून, समासात शेरे लिहून परत पाठवतो. पुढचा प्रश्न त्याच पाकिटात असेल.

तुझा,
काका