शाळेच्या ग्रंथालयातलं ई-पुस्तक ‘उपलब्ध नाही’ असं का दाखवतं?
बहुतेक वेळा कारण परवान्यात असतं. शाळेने ‘एक प्रत, एक वाचक’ असा परवाना घेतला असेल, तर ती प्रत दुसऱ्याकडे असेपर्यंत थांबावंच लागतं. रांगेत नाव नोंदवून ठेवा. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं; पण तुमचं वाचून आधीच झालं असेल तर लगेच परत करा, मागे कुणीतरी खरंच वाट बघत असतं.

प्रकल्पासाठी माहिती हवी असेल तर मात्र अडून बसू नका. विश्वकोश, शब्दकोश असे संदर्भसंग्रह सहसा एकाच वेळी अनेकांना उघडता येतात. तिथे अख्खा प्रश्न टाकण्यापेक्षा दोन-तीन नेमके शब्द शोधा. घरून उघडत नसेल तर बहुधा शाळेचं लॉगिन लागतं, ते ग्रंथपालांकडे मागा.