नोकरी चालू ठेवून लोकांची कामं करून द्यायचा धंदा, कंपनीला सांगायचं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हिंजवडीत आयटी कंपनीत पूर्णवेळ नोकरी, बरेच दिवस घरून काम, आणि कोथरूडमधल्या चार घरांतल्या म्हाताऱ्या आईवडिलांची बाहेरची कामं तुम्ही महिन्याचे पैसे ठरवून करताय, त्यांची मुलं अमेरिका-कॅनडात. बँक, लॅबचे रिपोर्ट, डॉक्टरची अपॉइंटमेंट, प्रॉपर्टी टॅक्स, गॅसवाला, सगळंच. आता याचा पर्सनल कॉन्सिअर्ज म्हणून नीट बिझनेस करायचाय. पण अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलंय की लेखी परवानगीशिवाय दुसरं काम नाही, कंपनीच्या एप्रिलच्या डिक्लेरेशनमध्ये तुम्ही 'बाहेरचं उत्पन्न नाही' वर टिक केलीय, टीममधल्या एकाला कुणकुण लागलीय, आणि म्हणून हे सगळं पाटबंधारे खात्यातल्या मिस्टरांच्या नावावर टाकावं का असं विचारताय. जाता जाता हेही लिहिलंय की एका काकूंनी एटीएम कार्ड आणि पिन तुमच्याकडेच ठेवलाय, 'घरच्यासारखं आहे'.

मला विचाराल तर एचआरपेक्षा ते कार्ड जास्त गंभीर आहे.

ते या आठवड्यात परत करा, आणि परत केल्याचा मेसेज काकूंना आणि त्यांच्या मुलाला दोघांनाही पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे ग्राहकाने स्वतःच पिन दुसऱ्याला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच, बँक हात वर करणार. मग मुलगा टोरंटोतून स्टेटमेंट काढून विचारणार की मार्चमध्ये हे १५,००० कोणी काढले, काकूंना आठवणार नाही, आणि उत्तर द्यायला उरणार फक्त तुम्ही. पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा माणूस कायद्याच्या भाषेत एजंट होतो, आणि एजंटने विश्वासाने सोपवलेली मालमत्ता खाल्ली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये साध्या विश्वासघातापेक्षा कितीतरी जड शिक्षा आहे, १० वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेपसुद्धा. अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो हे खरं, तुम्ही काही खाल्लं नाहीये हेही खरं, पण तक्रार अर्ज द्यायला हेतू सिद्ध करावा लागत नाही ना, आणि चौकशीच्या वेळी पावती नसलेला प्रामाणिकपणा फार उपयोगी पडत नाही.

म्हणून चारही घरांशी एकेक पानी करार करा, मराठीत केलात तरी चालतो. कोणती कामं करणार, कोणती नाही, महिन्याचे किती, आगाऊ रक्कम किती ठेवायची, किल्ली कोणाकडे, सूचना आई देणार की मुलगा आणि दोघांचं वेगळं निघालं तर कोणाचं ऐकायचं. हे शेवटचं लिहायला लोक संकोचतात आणि भांडणं नेमकी तिथेच होतात. महिन्याला हिशोब पाठवा, कारण मागितला की हिशोब देणं हे कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टप्रमाणे एजंटचं कर्तव्यच आहे. लॅबवाला किंवा मेडिकलवाला तुम्हाला कट देत असेल तर तो घरच्यांना सांगून घ्या, लपवून घेतलेला फायदा क्लायंट तुमच्याकडून वसूल करू शकतो. आणि प्रॉपर्टी टॅक्सची ४० टक्के सवलत मिळवायला पीटी-३ फॉर्म भरताना 'मालक स्वतः राहतो' यावर तुम्ही सही करू नका. कितीतरी एनआरआय फ्लॅट भाड्याने दिलेले असतात, खोटं त्यांचं आणि सही तुमची असं नको.

आता कंपनी. लोक सांगतात की कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम २७ मुळे असली बंधनं रद्दबातल असतात, म्हणजे बिनधास्त करा. अर्धंच ऐकलेलं असतं. नोकरी सोडल्यानंतरची बंधनं सहसा टिकत नाहीत, नोकरी चालू असतानाची टिकतात. सुप्रीम कोर्टाने हे १९६७ मध्येच सांगितलंय, कल्याणच्या सेंच्युरी कंपनीतला निरंजन गोलिकरी नावाचा सुपरवायझर पाच वर्षांचा करार असताना मध्येच राजस्थानातल्या कोटा शहरातल्या स्पर्धक कंपनीत गेला, आणि कोर्टाने त्याला करार संपेपर्यंत तसं काम करण्यापासून रोखलं. तुमचं काम कंपनीच्या स्पर्धेतलं नाही, कोर्टबाजी कोणी करणार नाही, पण कंपनीला कोर्टात जायची गरजच काय, ती सरळ टर्मिनेशन लेटर देते. २०२२ मध्ये विप्रोने ३०० जणांना काढलं ते स्पर्धक कंपन्यांत काम करत होते म्हणून. त्याच वर्षी इन्फोसिसने आधी दुसरी नोकरी करू नका असा कडक मेल पाठवला आणि नंतर मॅनेजर आणि एचआरची संमती घेऊन गिग काम, म्हणजे बाहेरचं सुटं काम, करायची वाट ठेवली. म्हणजे विचारलं की नाहीच म्हणतात असं नाही.

तुमची खरी अडचण ती एप्रिलची टिक आहे. बाहेरचं काम करणं हा नियमभंग, पण खोटं डिक्लेरेशन हा स्वतंत्र आरोप होतो आणि रिलीव्हिंग लेटरवर वगैरे त्याचीच सावली पडते. त्या सहकाऱ्याने सांगायच्या आधी तुम्ही सांगा. मेल छोटा ठेवा: ओळखीतल्या चार घरांतल्या ज्येष्ठांना मदत करते, त्याचं मानधन घेते, एप्रिलच्या डिक्लेरेशनमध्ये हे नमूद करायला हवं होतं ते आता करतेय, कंपनीच्या व्यवसायाशी किंवा क्लायंटशी संबंध नाही, कंपनीचा लॅपटॉप वापरत नाही, पुढे चालू ठेवायला लेखी परवानगी हवी. बस. 'छंद आहे', 'समाजसेवा आहे' असलं काही नको, महिन्याला यूपीआयवर पैसे येतायत ते समाजसेवेचे नसतात. उत्तर येईपर्यंत नवीन घर घेऊ नका.

त्या मेलमध्ये 'ऑफिसच्या वेळेबाहेर' हे शब्द मात्र विचार करून लिहा. बँक, महापालिका, ओपीडी हे सगळं दिवसाच चालतं. तुम्ही टाइमशीटवर आठ तास भरलेत, कंपनीने ते तिच्या क्लायंटला बिल केलेत, आणि त्यातला दीड तास तुम्ही पेन्शनच्या लाइनीत उभ्या होतात, तर हे नुसतं साइड काम राहत नाही. एकतर हाफ डे टाका, नाहीतर दिवसाच्या कामाला माणूस ठेवा (पोलिस व्हेरिफिकेशन करून, कारण त्याने केलेल्या घोटाळ्याला घरवाले तुम्हालाच धरणार). काही कामांना तर जावंच लागत नाही, नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, पोस्टमनही घरी येऊन करून देतो.

मिस्टरांच्या नावावर? अजिबात नको. खाजगी कंपनीत निदान बोलणी करता येतात, सरकारी नोकरीत महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ चा नियम १६ आहे, पूर्वपरवानगीशिवाय धंदा करता येत नाही, विभागीय चौकशी लागली की बढती अडकते. उलट धंदा तुमच्या नावावर असला तरी घरातली व्यक्ती व्यवसाय करते हे त्यांनी खात्याला कळवायचंय, आणि त्यांनी ऑफिसात तुमची कार्डं वाटायची नाहीत.

टॅक्सचं फार अवघड नाही. एका नावाची प्रोप्रायटरशिप पुरे, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंद) फुकट होते, शॉप अ‍ॅक्टखाली एकट्या माणसाला ऑनलाइन सूचना देऊन भागतं. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढू नका, तुमचं नाव सरकारी साइटवर कोणीही बघू शकतं. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख, पगार त्यात धरत नाहीत, तुम्ही अजून खूप लांब आहात. औषधाचे, टॅक्सचे पैसे तुमच्या फीत मिसळू नका, बिल क्लायंटच्या नावाचं आणि वसुली जेवढ्यास तेवढी, नाहीतर उद्या ती सगळी तुमची उलाढाल दिसते. धंद्याला वेगळं बँक खातं काढा. रिटर्नला नुसत्या पगाराचा फॉर्म आता चालणार नाही, गृहीत उत्पन्नाच्या योजनेत उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा धरून दाखवता येतो, पण कमिशनच्या कमाईला ती सोय नाही. कट घेत असाल तर सीएला आधीच सांगा.

आणि कंपनी नाही म्हणाली तर? तर थांबायचं किंवा सोडायचं, तिसरा मार्ग मी लिहून देणार नाही. सोडलीत तर हा धंदा करण्यापासून कंपनी तुम्हाला अडवू शकणार नाही, तिथे ते कलम २७ खरंच तुमच्या बाजूने आहे. पण नोटीस पिरियड पूर्ण करा, ट्रेनिंग बॉन्ड आहे का ते लेटरमध्ये बघा, आणि शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही त्यांच्या पगारावर आहात, त्यामुळे सहकाऱ्यांच्या आईवडिलांना क्लायंट करायचं असेल तर त्यानंतर फोन लावा.